फाइल आहे, मजकूर कुठे?

कागद स्कॅन केले, फाइल क्लाउडवर चढवली, की माहिती कायमची सुरक्षित झाली, असं सर्रास मानलं जातं. मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं. फाइल टिकणं वेगळं आणि ती वाचता येणं वेगळं.

पुरावा आपल्या घरातच आहे. युनिकोड ही अक्षरं साठवण्याची सामाईक पद्धत रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप करत होतो. आजोबांच्या आठवणी, कुळाची वंशावळ, वाटणीपत्राचा मसुदा सगळं त्यातच. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसेल. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच.

‘कन्व्हर्टर आहेत की,’ असं यावर सांगितलं जातं. आहेत, पण प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी. ‘किती’ लिहिताना जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी साठवली जाते, ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट. रफार आणि जोडाक्षरांतही असेच घोटाळे. वंशावळीतली नावंच बिघडली, तर ती जपून काय मिळवलं? पीडीएफ केल्यानेही हे दुखणं जात नाही. पानं नीट दिसतात, पण त्यात आडनाव शोधायला जा, सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुने कागद तरी कुठे वाचता येतात, त्यांची मोडी लिपी आज कितीजणांना येते? थोड्यांनाच येते, हे खरं. तरीही पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद वाचले जातात, कारण मोडीची वळणं कुणा कंपनीच्या मालकीची नाहीत. शिकेल त्याला ती येते. फाइलींच्या बाबतीत खुला फॉरमॅट म्हणजे हेच: रचना जाहीर, वाचणारं सॉफ्टवेअर कुणीही लिहावं.

कंपन्यांच्या भरवशावर ठेवलेल्या माहितीचं काय होतं, हे २०१४ मध्ये ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झालं तेव्हा आपण पाहिलं. युरोपीय संघात २०१८ पासून नागरिकाला स्वतःची माहिती सर्वसाधारण वापरातल्या, यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात मागता येते. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०१९ च्या विधेयकात हा हक्क होता, २०२३ च्या कायद्यात तो नाही. तो परत आणण्याची मागणी आपण केली पाहिजे. आणि जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणून ताडून पाहायचं काम, त्या लिहिणारी माणसं हयात आहेत तोवर उरकलं पाहिजे.