न जाणारा पाहुणा

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रोजेक्टमध्ये सर्व्हरच्या ग्राफवर रोज पहाटे तीनला एक टेंगूळ यायचं. मी ते 'नॉइज' म्हणून उडवलं आणि गुळगुळीत ग्राफ साहेबांना पाठवला. महिन्याभराने बरोब्बर पहाटे तीनला सगळं कोसळलं. तेव्हापासून डेव्हिड रोपर हा आपला हिरो!

१९५२ मध्ये शिकागोला एन्रिको फर्मीच्या गटाने प्रोटॉनवर पायॉन नावाचे कण आदळले आणि प्रोटॉनच्या पहिल्या उत्तेजित अवस्थेची चाहूल लागली. म्हणजे प्रोटॉन हा निर्जीव गोटा नाही, तारेसारखा छेडता येतो. रोपर त्यानंतर दहाएक वर्षांनी आला. पीएचडी एमआयटीची, काम कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत. अशा प्रयोगांच्या डेटाला कॉम्प्युटरवर सूत्र बसवायचं. आपल्या भाषेत, कर्व्ह फिटिंग.

तर त्या फिटमध्ये एक आगंतुक अवस्था डोकवायला लागली. तिथे कुणालाच ती अपेक्षित नव्हती. ती घालवायला रोपरने बराच वेळ खर्च केला. जाईना! शेवटी १९६४ मध्ये त्याने तसं छापलं. साधा प्रोटॉन ९३८ एमईव्हीचा, हा पाहुणा साधारण १४४० चा.

त्याच वर्षी क्वार्कची कल्पना मांडली गेली, आणि पंचाईत पुढे वाढली. साध्या क्वार्क मॉडेलप्रमाणे ही अवस्था १५३५ एमईव्हीच्या दुसऱ्या एका अवस्थेच्या वर हवी. निसर्गात ती खाली! मग हे खरंच तीन क्वार्कचं कंपन, की भलतंच काही?

उत्तरासाठी पायॉन आदळून भागणार नव्हतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबमध्ये इलेक्ट्रॉन वापरले. इलेक्ट्रॉन जाता जाता प्रोटॉनला एक आभासी फोटॉन देतो. प्रोटॉन उत्तेजित होतो आणि लगेच पायॉन टाकून शांत होतो. विखुरलेला इलेक्ट्रॉन आणि तो पायॉन पकडला, की मधे काय घडलं ते कळतं. गंमत अशी, की धक्का किती जोराचा ते निवडता येतं. हलका धक्का म्हणजे लांबून बघणं, जोराचा म्हणजे झूम करणं.

'क्लास' नावाच्या डिटेक्टरने २०१२ पर्यंत हा डेटा जमवला. लांबून बघितलं तर मेसॉनचा ढग दिसतो. झूम केलं की आत तीन क्वार्कचा गाभा, फुग्यासारखा फुगणारा-आकसणारा. या ढगामुळेच वस्तुमान सुमारे २० टक्क्यांनी उतरतं, म्हणून क्रम उलटा! पन्नासेक वर्षांनी बहुतेक कोडं सुटलं.

रोपरकडे यातलं काहीच नव्हतं. ना क्लास, ना क्वार्क. अर्थ लागत नसतानाही त्याने तो पाहुणा हाकलला नाही, एवढंच.

असो. आमचं ते टेंगूळ? रात्रीचा बॅकअप. डिस्क भरत होती.