लाखोळीची डाळ आणि चेतापेशीचा हिशेब

आमच्या भंडारा जिल्ह्यात लाखोळी माहीत नाही असा माणूस विरळा. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत बी फेकायचे, उरलेल्या ओलाव्यावर पीक येते. नांगर नको की पाणी नको. अशा या गरिबाच्या डाळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. कारण काय, तर ती खाऊन पाय जातात.

मी पडलो बी.ए. झालेला इतिहासाचा मास्तर. पाय जातात म्हणजे आत काय होते, हे निवृत्तीनंतरच वाचले. मंडळी, चेतापेशी ही मोठी हिशेबी. तिच्याकडे हजारो निरोप येतात, काही ‘हो’चे, काही ‘नको’चे. एकट्यादुकट्या निरोपाला ती दाद देत नाही. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करते आणि ठराविक पातळी ओलांडली तरच पुढे संदेश धाडते. शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला. पुढे १९५१ मध्ये न्यूझीलंडात एकल्स आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मेरुरज्जूतल्या एकेका पेशीत केसाहून बारीक काचनळी घालून हा हिशेब विजेच्या मापात टिपला.

‘हो’चा निरोप बहुधा ग्लुटामेट हे रसायन आणते. लाखोळीत १९६४ मध्ये राव, आदिगा आणि सर्मा यांना ओडॅप सापडले. ते ग्लुटामेटचे सोंग घेते! कोणी निरोप धाडलेला नसतानाही ‘हो’ जमा होत राहतात, आणि या अतिरेकाने पेशी मरते असे मानतात. डोके शाबूत राहते. पाय मात्र ताठरतात, माणूस काठी टेकत चवड्यांवर चालतो.

पण बेरीज म्हटली की प्रमाण आलेच. डाळ-भात, भाजीसोबत थोडी लाखोळी खाऊन हे होत नाही. महिनोन्‌महिने तीच पोटात गेली तर होते. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या पुस्तकात सागरकडची हकीकत दिली आहे: गहू बुडाला, लोक लाखोळीवर जगले, तरणीताठी माणसे पांगळी झाली. रीवा भागात तर वेठबिगारांना मजुरीच लाखोळीत मिळे. डाळीवर बंदी १९६१ ला आली. वेठबिगारीविरुद्ध कायदा व्हायला १९७६ उजाडले. हा क्रम मला अजून खटकतो.

नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी उपोषणे केली, वर्षानुवर्षे लढले. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली.

पुण्या-मुंबईच्या सुनांसाठी एवढेच, की ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, मग शिजवावी. आमटीत वापरू नये ते.