वसीयतीचा कागद आणि दोन साक्षीदार

आमच्या एका चुलत आजोबांनी इंतकालाच्या आदल्या आठवड्यात डोलवीच्या घरी चार माणसांना बोलावून सांगितले, खाडीकडचे भाताचे शेत लेकीच्या मुलाला द्यावे. कागद केला नाही. 1990 च्या दशकात गावात इस्पातचा पोलाद कारखाना आला, 2010 मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे गेला. या काळात ज्या खारजमिनीकडे कोणी फिरकत नव्हते तिला भाव आला. मग घरातला एक वारस विचारू लागला, "दोन साक्षीदारांच्या सह्या कुठे आहेत?" आम्ही उर्दू शाळेतले मास्तर, म्हणून पुस्तके चाळायचे काम आमच्याकडे आले.

दोन सह्यांची ही अट मुळात विलायतेतली. तिथे 1677 च्या कायद्याने जमिनीच्या मृत्युपत्राला तीन-चार साक्षीदार लागत. 1837 मध्ये दोन पुरे झाले, पण दोघे एकाच वेळी हजर हवेत. तिथून ती 1865 च्या भारतीय वारसा कायद्यात आली. 1870 मध्ये मुंबई शहरातल्या हिंदूंना ती लागू झाली आणि 1 जानेवारी 1927 पासून सगळीकडच्या हिंदूंना. आज 1925 च्या कायद्याचे कलम 63 आहे. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, किंवा त्याच्यासमोर त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने सही करावी. दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा त्याच्या तोंडून 'ही माझी' असे ऐकलेले असावे, आणि त्याच्या देखत आपापली सही करावी. दोघे एकदम हजर असण्याची गरज मात्र इथे नाही.

पण याच कायद्याचे कलम 58 सांगते की हा भाग मुसलमानांच्या वसीयतीला लागू नाही. हे वाचून आम्हीच चकित झालो. पेणच्या बाजारात कोणालाही विचारा, 'दोन सह्या हव्यात' हेच उत्तर मिळेल. मुसलमानाची वसीयत तोंडी चालते, बिनसहीच्या कागदावरही चालते. 1898 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मरणापूर्वी लिहिलेले एक साधे पत्रही वसीयत म्हणून मान्य केले होते.

तेव्हा आजोबांचे बोलणे चालले असते का? चालले असते, पण सिद्ध करता आले तर. 1931 च्या व्यंकटराव विरुद्ध नामदेव खटल्यात त्याच प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की तोंडी मृत्युपत्र शाबीत करण्याचा भार फार जड असतो. आमच्या चार माणसांपैकी दोघे वारले होते. तिसऱ्याला शेत कोणते हे आठवत होते, शब्द आठवत नव्हते. चौथा स्वतः त्या नातवाचा मामा.

आणि शरीअतने साक्षीदार सांगितलेलेच नाहीत, असे कोणी समजू नये. सूरह माइदामध्ये मरणसमयीच्या वसीयतीला दोन न्यायी साक्षीदार ठेवण्यास सांगितले आहे. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या रिवायतीत, ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने लेखी वसीयत जवळ न ठेवता दोन रात्रीही काढू नयेत, अशी ताकीद आहे. कायदा कागद मागत नाही, दीन मागतो. आमच्या घरांत नेमके उलट समजले जाते.

मर्यादा मात्र सह्यांपेक्षा कडक आहे. कफन-दफन आणि कर्ज वजा जाता उरलेल्याचा तिसरा हिस्साच वसीयतीने देता येतो. वारसाला द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते, तीही मृत्यूनंतरची. खोजा आणि कच्छी मेमन यांच्यात रूढीने सगळी मालमत्ता देता येत असे. 1938 च्या कायद्याने कच्छी मेमनांना मुस्लिम वारसा कायद्याखाली आणले. या विषयावरचे नामवंत लेखक आसफ अली असगर फैजी आमच्याच जिल्ह्यातल्या माथेरानला जन्मले, याचा आम्हाला उगाच अभिमान वाटतो.

आजोबांचा नातू वारस नव्हता, म्हणून एक अडचण टळली. पण शेत तिसऱ्या हिश्शाहून मोठे निघाले. शेवटी तिसऱ्या हिश्शाएवढा बांधालगतचा तुकडा त्याच्या नावे झाला, आणि बाकीच्यासाठी त्याच्या मामाने सर्वांत आधी नकार दिला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अम्मींनी वसीयत लिहिली, साध्या कागदावर, कारण तिला मुद्रांक लागत नाही. साक्षीला वारस नसलेले दोघे घेतले. नोंदणी ऐच्छिक असली तरी पेणच्या दुय्यम निबंधकाकडे करून आलो. अम्मी अंगठा नको म्हणाल्या. उर्दूत, सावकाश, पूर्ण नाव लिहिले.