कीड, कळ आणि ठणका

दाढ दुखायला लागली की आपण म्हणतो, ‘कीड लागली’. शब्द रोजचा आहे, पण त्याचं वय फार मोठं. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर दात पोखरणाऱ्या किड्याची कथा सापडते. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंत’ येतो. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी दाढेला देत. भांड्यातल्या पाण्यात पांढरं काही पडलं की जुनी माणसं म्हणत, किडे पडले! बहुधा ते तडकलेल्या बियांमधले कोंब असत.

1728 साली पॅरिसमध्ये पिअर फोशार या दंतवैद्यानं मोठा ग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला किडा दिसला नाही, असं त्यानं लिहिलं. मग दुखतं काय? दाताच्या टणक कवचाच्या आत मऊ मज्जा असते, रक्तवाहिन्यांची आणि मज्जातंतूंची. लोक तिला ‘नस’ म्हणतात. बोट सुजलं तर फुगतं. या मज्जेला फुगायला जागाच नाही. चारी बाजूंनी भिंत. म्हणून एवढ्याशा जागेतलं दुखणं सगळं डोकं व्यापतं.

मी शब्दांवर जगणारा माणूस. मला नवल वाटतं ते हे, की मज्जेचा आजार ओळखायला डॉक्टर जे विचारतात, त्याची उत्तरं मराठीत आधीच वेगवेगळी आहेत. थंड पाण्यानं शिणक आली आणि पाणी गिळताच गेली, तर मज्जा सावरू शकते. कीड कोरून दात भरला की बहुतेक वेळा भागतं. चहा संपला तरी कळ रेंगाळते, रात्री आडवं होताच विनाकारण ठणका सुरू होतो, तेव्हा मज्जा सहसा परत येत नाही. कोणता दात, वरचा की खालचा, हेही कित्येकदा सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर गार बोळा लावून पाहतात, दातावर हलकेच ठोकतात, एक्स-रे काढतात.

आणि एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. घरात म्हणतात, उतार पडला. खरं तर मज्जा मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. पुढे चावताना दुखतं, हिरडीवर पुळी येते. आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका ठणक्यावर मशेरी दाबून धरत. ठणका थांबला की सूप पुन्हा मांडीवर, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते. गेलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार?

मेलेली मज्जा काढून दात राखायची कल्पना जुनी आहे. 1838 साली अमेरिकेत एडविन मेनार्डनं घड्याळाच्या स्प्रिंगपासून मुळात शिरणारं बारीक हत्यार केलं. 1867 मध्ये बाउमन यांनी मोकळी झालेली नळी गटापर्चानं भरली. मलायातल्या झाडांचा हा चीक. समुद्राखालच्या तारांवरही तोच गुंडाळत. 1895 च्या अखेरीस क्ष-किरण सापडले आणि काही आठवड्यांतच ऑटो वालखॉफ या जर्मन दंतवैद्यानं आपल्याच दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी 25 मिनिटं स्थिर राहावं लागलं!

मग उलटा वारा आला. 1910 साली विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या व्याख्यानात सडक्या दातांवर टोप्या चढवणाऱ्यांवर झोड उठवली. तक्रारीत तथ्य होतं, पण तिचा परिणाम असा झाला की पुढे कित्येक वर्षं संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही दात उपटले गेले. 1965 साली उंदरांवरच्या प्रयोगानं गोष्ट स्पष्ट केली. मज्जा उघडी पाडली, तरी जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांची जखम भरली. साध्या उंदरांची मज्जा मेली. म्हणजे जंतू काढा, नळी नीट बंद करा, दात राहतो. किडा नव्हताच, पण डोळ्यांना न दिसणारी कीड होती.

आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कोलकात्यात दंतमहाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं 1933 मध्ये निघालं. रूट कॅनाल हा शब्द आता आमच्या गल्लीतही कळतो. पहिला प्रश्न मात्र तोच असतो, ‘किती खेपा?’ काढायला एक, राखायला दोन-तीन, वर कॅपचा खर्च. हातावर पोट असलेला माणूस काढायचं म्हणतो, त्याला अडाणी म्हणणं मला पटत नाही. पण दुखणं थांबलं म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका. आणि राखलेल्या दाढेवर कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं सुपारी फोडू नका.