बेटकुळी आणि उंदीर

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या दिवसांत नवा गडी हमालीला आला, की जुने हमाल त्याला दंड वाकवायला लावतात आणि बेटकुळी कशी उठते ते पाहतात. बेटकुळी म्हणजे लहानशी बेडकी. मूठ आवळताच कातडीखाली काही जिवंत टुणकन उडते, म्हणून हे नाव.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. एकदा पोते उचलताना आमच्यातील एका हमालाचा दंड कायमचा दुखावला. डॉक्टरच्या दाखल्यात इंग्रजी 'मसल' होते, अर्जात आम्ही 'बेटकुळी तुटली' असे लिहिले. 'असला अवयव कागदात बसत नाही', म्हणून कारकुनाने अर्ज हसून परत केला. तेवढ्या मुदतीत त्या गड्याला दोन्ही शेळ्या विकाव्या लागल्या. त्या रागानेच आम्ही या शब्दाच्या मागे लागलो.

आणि श्रोतेहो, सापडले काय? 'मसल' निघाला लॅटिन 'मुस्कुलुस'पासून. 'मूस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे छोटासा उंदीर! ग्रीकांचे तर 'म्यूस' या एकाच शब्दात उंदीर आणि दंडाचे मांस दोन्ही भागत असे. हृदयरोग्याच्या कागदावरील 'मायोकार्डियल'मधला 'मायो' तोच. गणपतीचा मूषकही याच घराण्यातला. ज्या शब्दाला साहेबी समजून आम्ही वचकलो, तो असा आमच्या बेटकुळीचा सख्खा भाऊ निघाला. तिकडच्यांना बेडकीऐवजी उंदीर दिसला, इतकेच.

या विद्येचा थोर आचार्य गेलेन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. तरुणपणी पर्गामम शहरी तो ग्लॅडिएटरांवर उपचार करी. लोकांच्या करमणुकीसाठी रिंगणात एकमेकांना कापणारे हे लढवय्ये, त्यांत गुलाम पुष्कळ. त्यांच्या उघड्या जखमांतून त्याला शरीराची आतली रचना दिसली. पुढे त्याने स्नायूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ग्रंथाला नाव वैद्याचे, दंड मात्र त्या बिचाऱ्यांचे!

आपल्या सुश्रुतसंहितेत पेशी 500 आणि स्नायू 900 सांगितल्या आहेत. पण तेथे मांसाचा गोळा ती पेशी, आणि सांधे आवळून धरणारा दोर तो स्नायू. आज आपण मांसालाच स्नायू म्हणतो आणि 'पेशी' हे नाव डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाला देऊन बसलो आहोत. शास्त्राचे शब्द असे खुशाल घरे बदलतात, मग बेटकुळीनेच काय घोडे मारले होते?

दुसऱ्या अर्जात आम्ही 'मसल, म्हणजेच बेटकुळी' असे लिहिले. तो मुकाट्याने घेतला गेला. शेळ्या मात्र गेल्या त्या गेल्याच.