ऊब, गारवा आणि छत : केडगाव परिसरातील बेताच्या खर्चाच्या घरांचा इतिहास

प्रस्तावना

भीमा नदीच्या दक्षिणेस, पुणे-दौंड लोहमार्गावर वसलेले केडगाव हे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील गाव होय. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पौष-माघातील पहाटेचा गारठा घोंगडीवाचून सोसवत नाही. अशा ठिकाणी बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाने घर उबदार व थंड राखण्यासाठी कोणती व्यवस्था निवडावी, हा प्रश्न आज विद्युत उपकरणांच्या दुकानात विचारला जातो. शंभर वर्षांपूर्वी तोच प्रश्न गवंड्याला आणि सुताराला विचारला जात असे. ही जागा का बदलली आणि या बदलात खर्चाचा भार कोणाकडून कोणाकडे सरकला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. वाडे, किल्ले व मंदिरे यांच्या बांधणीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने सामान्य घराचे छत उपेक्षित राहिले, असे म्हणावे लागते.

फिलाडेल्फियातील खोली

विषय केडगावचा असला तरी आरंभ अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरापासून करणे भाग आहे. संपूर्ण घर एकाच यंत्राने तापविण्याची पाश्चात्त्य व्यवस्था ज्या मराठी स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकातच जवळून पाहिली, त्यांपैकी एक पुढे केडगावी स्थायिक झाली. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियास पोहोचल्या. ११ मार्च रोजी आनंदीबाई जोशी यांना तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी त्या गेल्या होत्या. त्यानंतर सुमारे पावणेतीन वर्षे त्या अमेरिकेत हिंडल्या आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्यांनी त्या देशातील गृहस्थितीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले.

त्या काळी अमेरिकेतील सुखवस्तू घरात तळघरात कोळशाची मोठी भट्टी असे. तिच्याभोवती तापलेली हवा हलकी होऊन पत्र्याच्या रुंद नळांतून आपोआप वर चढे आणि खोल्यांच्या जमिनीत बसविलेल्या जाळ्यांतून बाहेर पडे. हवा ढकलणारा पंखा या रचनेत नव्हता. तो पुढे विसाव्या शतकात आला. व्यवस्था सोयीची खरी, परंतु तिला तळघर हवे, घर बांधतानाच भिंतींतून नळ काढावे लागत, हिवाळ्यापुरता कोळसा आधी भरून ठेवावा लागे आणि रोज पहाटे भट्टीची राख काढणारे माणूसही लागे. हे ज्यांना परवडत नसे त्यांच्या वाट्याला खोलीतील जुनी शेगडी येत असे.

आनंदीबाईंच्या वाट्याला तीच आली. समीक्षक म. वा. धोंड यांनी त्यांच्या आजारपणाची चर्चा करताना या गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडी पेटविली की धूर कोंडत असे. न पेटवावी तर थंडी. त्यात नऊवारी लुगडे नेसण्याचा निश्चय. धूर किंवा थंडी, यांतून एकाची निवड रोज करावी लागे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. केवळ शेगडीस या मृत्यूचे कारण ठरविणे योग्य होणार नाही. क्षयाची बाधा कोठे व केव्हा झाली हे अशा तपशिलावरून सिद्ध होत नाही. तथापि घर तापविण्याचे साधन स्वस्त असले म्हणजे त्याची उरलेली किंमत कोणी व कशी चुकविली, हे या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

केडगावची पडीक जमीन

रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली ती शारदा सदनाला शेतीचे उत्पन्न मिळावे म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळाने आणि पुण्यातील प्लेगने या जमिनीचा उपयोगच बदलला. दुष्काळी मुलखातून आणलेल्या मुलींना प्लेगग्रस्त शहरात ठेवणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांची रवानगी केडगावच्या तात्पुरत्या निवाऱ्यात झाली. त्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळाच्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली होती. अमेरिकेतील घरे प्रत्यक्ष पाहिलेल्या बाईंसमोर येथे जो प्रश्न होता तो भट्टीचा नव्हताच. इतक्या जणींच्या डोक्यावर छप्पर, अंगावर पांघरूण आणि विहिरीला पाणी, हा त्याचा क्रम होता. केडगावच्या हवामानात छप्पर मिळाले की निम्मे काम होते, हे त्या परिसरातील कुणब्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते.

धाब्याचे घर

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, मावळात, पावसाच्या माऱ्यामुळे उतरती छपरे आवश्यक असतात. पूर्वेकडे दौंड, शिरूर, इंदापूर भागात पाऊस बेताचा, म्हणून तेथे सपाट मातीच्या छताचे, म्हणजे धाब्याचे किंवा माळवदाचे घर रूढ झाले. दगडमातीच्या रुंद भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पालापाचोळ्याचा थर आणि सर्वांत वर पाणी न झिरपणाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना असे. दुपारचे ऊन या मातीत शिरते; परंतु आतील पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यास त्याला कित्येक तास लागतात. तोवर सूर्य मावळलेला असतो व मंडळी माळवदावर अंथरुणे टाकून झोपलेली असतात. हिवाळ्यात हेच उलट घडते. दिवसाचे ऊन आणि संध्याकाळच्या चुलीची ऊब भिंती रात्रभर हळूहळू परत देतात. तापविणे आणि थंड करणे ही दोन्ही कामे करणारी, सर्व घरास पुरणारी आणि इंधनाचा वेगळा खर्च नसलेली अशी ही व्यवस्था होती.

मात्र ‘खर्च नसलेली’ हे विधान तपासून घ्यावयास हवे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपावी लागे. भिंती सारवाव्या लागत. त्यासाठी माती वाहणे, शेण कालविणे, पाणी आणणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या अंगावर पडत आणि त्यांची नोंद कोणत्याही हिशेबात होत नसे. शिवाय उष्णता अडविण्यासाठी खिडक्या लहान व मोजक्या ठेवलेल्या असत. छतात धुरासाठी ठेवलेले भोक पावसात झाकावे लागे आणि मग गोवऱ्यांचा धूर घरातच फिरे. फिलाडेल्फियातील ‘धूर किंवा थंडी’ हा पेच देशावरच्या प्रत्येक चुलीपाशी होता. त्याची चर्चा करणारा कोणी नव्हता, इतकेच.

या छताचा आणखी एक दोष फार उशिरा आणि भयंकर रीतीने जगासमोर आला. दर वर्षी नवी माती पडत गेल्याने माळवदाचे वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतील अशाच जड छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. केडगाव त्या क्षेत्रापासून दूर आहे. पण माळवदाविषयीचा विश्वास त्या पहाटेनंतर सर्वत्र डळमळला. मातीचे घर म्हणजे स्वस्त व शहाणपणाचे घर, असे आज लिहिणाऱ्यांनी किल्लारी विसरू नये.

लोहमार्ग, पत्रा आणि चुलवण

माळवदाला पर्याय त्याआधीच येऊन ठेपला होता. १८५८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून पूर्वेकडे दिक्सळपर्यंत धावू लागली आणि हा सारा टापू मुंबई बंदराशी जोडला गेला. मंगळुरी कौले आणि नालीदार लोखंडी पत्रे देशावर येऊ लागले, त्यांना या मार्गाचा मोठा आधार होता. पत्र्याचे गुण उघड आहेत. तो हलका असतो, एका दिवसात बसतो, गळत नाही, दर वर्षी माती मागत नाही आणि घर बदलताना काढून नेता येतो. अवगुणही तितकाच उघड आहे. उन्हाचा पत्रा काही मिनिटांत तापतो व खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ती उष्णता फेकतो; रात्री तितक्याच वेगाने तो गार पडतो. म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात थंडगार, नेमके नको तेव्हा नको ते.

‘भट्टी’ हा शब्द केडगाव परिसरात उच्चारला की घर तापविणारे यंत्र कोणाच्या मनात येत नाही. येते ते गुऱ्हाळाचे चुलवण. कालव्याच्या पाण्याने ऊस आला, उसाबरोबर गुऱ्हाळे आली. वाळलेल्या चिपाडावर रात्रंदिवस पेटणारे चुलवण आणि त्याशेजारी पत्र्याच्या खोपटात राहणारे मजूर, हे दृश्य या भागात नवे नाही. गावातील सर्वांत मोठ्या भट्टीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांचे छत सर्वांत पातळ असावे, यात योगायोग नाही. याच उसाचे पाचट पत्र्यावर पसरून त्यावर दगड ठेवण्याची पद्धतही येथे दिसते. पाचट ऊन अडविते, पैसे लागत नाहीत. आगीचा धोका मात्र असतो.

विकतचा गारवा

गारवा विकत घेण्याची प्रथा आधी वरिष्ठ वर्गात रुजली. दारांना वाळ्याचे ताटवे बांधून त्यांवर पाणी शिंपडणे आणि छताला टांगलेला पंखा दोरीने ओढण्यासाठी माणूस ठेवणे, ही इंग्रज अंमलदारांच्या बंगल्यांतील व्यवस्था होती. १८३३ पासून अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने हिंदुस्थानात येऊ लागला. त्या बर्फाची एक खूण आजही आपल्या बोलण्यात आहे. वातानुकूलन यंत्र ‘दीड टनाचे’ म्हणतात तेव्हा तो टन यंत्राच्या वजनाचा नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी शोषण्याची ती क्षमता होय.

आधुनिक यंत्राचा आरंभ १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. तेथील छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंग जुळेनासे झाले, म्हणून विलिस कॅरियर यांनी हवेतील ओल काढणारी योजना आखली. माणसाला गार वाटावे हा मूळ हेतू नव्हता. पुढल्या दोन दशकांत केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही छापखाना चालू होता आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई तेथील स्त्रिया करीत होत्या. मुंबईत १९३३ साली सुरू झालेले रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. १९५४ मध्ये व्होल्टास कंपनी स्थापन झाली. तरीही घरगुती वातानुकूलन कित्येक दशके डॉक्टर, कारखानदार आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यापुरतेच राहिले.

मध्यमवर्गाच्या हाती आला तो कूलर. वाळ्याच्या ताटव्याचेच हे विजेवर चालणारे रूप आहे. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते, एवढेच त्याचे तत्त्व. मुंबईच्या दमट हवेत ते निष्प्रभ ठरते. केडगावच्या कोरड्या वैशाखात चांगले चालते. सुमारे दोनशे वॅटचा कूलर आठ तासांत जेमतेम दीड युनिट वीज घेतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तेवढ्याच वेळात त्याच्या कित्येक पट घेते. परंतु कूलर पाणी पितो, आणि तेही नेमके विहिरी आटतात त्या महिन्यांत. ज्या भागाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि पुढेही टँकरची वाट पाहिली, त्या भागात कूलरची टाकी भरणे हा घरातल्या घरात वादाचा विषय होऊ शकतो, हे शहरी ग्राहकास सहसा कळत नाही.

विजेचा प्रश्न वेगळाच. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. त्या काळात महागडे यंत्र घेणे म्हणजे भिंतीला शोभेची पेटी लावणे होते. वातानुकूलन यंत्रांवर २००६ पासून ताऱ्यांची चिन्हे दिसू लागली व २०१० पासून ती सक्तीची झाली. खरेदीची किंमत आणि वापराची किंमत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे प्रथमच दुकानात लिहिलेले दिसू लागले. मात्र तारे यंत्राला मिळतात, खोलीला नव्हे. पाच ताऱ्यांचे यंत्र पत्र्याखाली लावले तर ते दिवसभर पत्र्याशी झगडत राहते.

सिमेंटच्या स्लॅबने हा प्रश्न सुटला असा समज आहे. चार-पाच इंच जाडीचा स्लॅब दुपारभर उष्णता साठवितो आणि संध्याकाळनंतर ती खाली सोडू लागतो. पंखा लावावा तर तो तीच गरम हवा खाली ढकलतो. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, पांढऱ्या फुटक्या फरश्यांचा थर, किंवा तेही न जमल्यास उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचा दाट हात, हे उपाय यंत्राच्या किमतीच्या अल्पांशात होतात. तरीही घर बांधताना ते मागाहून करावयाचे म्हणून ठेवले जातात. हिवाळ्याची बाजू त्या मानाने सोपी झाली आहे. तांब्याच्या बंबाची जागा विजेच्या रॉडने आणि अलीकडे गच्चीवरील सौर बंबाने घेतली. शेकोटी अंगणात राहिली.

ज्यांच्याजवळ बांधकामापुरतेच पैसे असतात त्यांच्यासाठी निवड अधिक अरुंद आहे. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेनंतर २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र निश्चित करण्यात आले. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. पाया, जोते, भिंती असे करीत काम छतापर्यंत येते तेव्हा पदरचे पैसे संपलेले असतात आणि जून तोंडावर असतो. त्या आठवड्यात गवंडी विचारतो तो प्रश्न एकच असतो : स्लॅब की पत्रा? उत्तर बहुधा घरातील स्त्रीला ठाऊक असते, कारण उसने कोणाकडून किती मिळेल हे तिलाच ठाऊक असते.