फुलारी, त्याचें दुकान आणि आपली वेदी

महोत्सवाच्या दिवशीं वेदी फुलांनीं भरून जाते, आणि मिस्सा आटोपली कीं आपण शोभा वाखाणीत घरीं जातों. तीं फुलें कोणी वेंचलीं, कोणी ओंवलीं, याची विचारपूस सहसा होत नाहीं. स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं व दात्यांचीं नांवें येणारच. एक पान फुलाऱ्याकडे असावें, म्हणून हा लेख.

वाशीमकरांना हा विषय परका नाहीं. प्राचीन वत्सगुल्म तें हेंच वाशीम. येथें १९३९ सालीं सांपडलेल्या ताम्रपटानें वाकाटकांच्या ज्या शाखेचा पत्ता लागला, तिचा मूळ पुरुष सर्वसेन हा चौथ्या शतकांतील राजा स्वतः कवि होता. त्याच्या 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा विषय एका फुलझाडाचा : श्रीकृष्णानें सत्यभामेसाठीं स्वर्गांतून पारिजातक आणला, ती कथा. काव्य आज उपलब्ध नाहीं. पुढील साहित्यशास्त्रकारांनीं घेतलेल्या उताऱ्यांवरून एवढें कळतें. तोच पारिजातक गोव्यांत गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्यानें पाहिला, व १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यास 'दुःखी वृक्ष' म्हटलें. रात्रीं फुलावें आणि उजाडतां सर्व फुलें भुईवर टाकावीं, हा त्याचा स्वभाव.

परंतु ज्या फुलांवर फुलाऱ्याचें पोट चालतें, त्यांतलीं कित्येक परदेशचीं. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधहि तिकडचाच. ज्यावांचून दसऱ्याचें तोरण होत नाहीं, तो झेंडू कालिदासास ठाऊक नव्हता! मेक्सिकोंतील कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनीं, याच फुलानें कबरी सजवितात. आपणहि त्याच दिवशीं तेंच फूल घेऊन कबरस्तानांत जातों, आणि एकमेकांस त्याची वार्ताहि नसते.

आतां दुकानाविषयीं. महाराष्ट्रांत एका फुलांच्या दुकानाची कीर्ति सर्वांत मोठी, आणि तें दुकान पुण्याचें. सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें गोऱ्हे हें माळी घराणें. शेटिबा पुण्याकडे आले. राणोजी, कृष्णा व गोविंदा हे त्यांचे तीन पुत्र फुलांच्या धंद्यांत शिरले. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारास हार, गजरे, फुलांच्या गाद्या पुरविणें हें त्यांचें काम. काम पेशव्यास इतकें पसंत पडलें कीं ३५ एकर जमीन इनाम मिळाली, आणि लोक गोऱ्हे विसरून 'फुले' म्हणूं लागले. पुढें थोरल्या भावानें इनाम आपल्याच हातीं ठेवलें. धाकटे बाजूस पडले. १८१८ सालीं पेशवाई गेली, तसें सर्वांत मोठें गिऱ्हाईकहि गेलें. तरी गोविंदरावांनीं शेती व फुलांची विक्री सोडली नाहीं.

त्यांचा मुलगा जोतीराव, जन्म १८२७. शाळा सुटून पोर शेतावर राबूं लागलें, तेव्हां गफार बेग मुनशी हे मुसलमान शेजारी आणि लिजिट नांवाचे ख्रिस्ती गृहस्थ यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, व १८४१ सालीं मुलगा पुन्हां स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेला. १८४८ सालीं त्यानेंच पुण्यांत मुलींची शाळा काढली, हें सर्वविश्रुत आहे. दरबार गेला, इनामाचें भांडण विसरलें गेलें. धंद्यावरून पडलेलें नांव तेवढें राहिलें.

आपल्या लोकांतहि हा धंदा आहे. वसईच्या ख्रिस्ती बागाइतदारांचा मोगरा व सोनचाफा आगगाडीनें दादरच्या बाजारांत जात आला आहे. फूल उजाडण्यापूर्वीं तोडावें लागतें. ऊन चढलें कीं भाव उतरतो. दुसरा माल कोठारांत ठेवतां येतो, मोगऱ्याची उघडी कळी उद्यां कोणी घेत नाहीं. दसऱ्याच्या सायंकाळीं न खपलेला झेंडू रस्त्याकडेला टाकून शेतकरी रिकाम्या हातीं गांवीं परततो, हें आपल्या बाजारांतहि पाहावयास मिळतें. सकाळीं त्याच्याशीं चार पैशांसाठीं हुज्जत घालणारे आपणच, हें लिहितांना संकोच वाटतो.

देवळाच्या गिऱ्हाइकीची आणखी एक तऱ्हा. प्रायश्चित्तकाळांत वेदी फुलांवांचून असते. मधला आनंदाचा रविवार आणि मोठे सण एवढाच अपवाद. तेव्हां त्या दिवसांत देवळाची मागणी जवळजवळ बंद. मग पुनरुत्थानाच्या रात्रीसाठीं पांढरीं फुलें एकदम हवीं असतात, तींहि ताजीं. आणि त्या शनिवारीं फुलाऱ्याच्या घरीं दिवा उशिरापर्यंत जळतो.